डोकं चढवलं की तोंड बंद

मुंगसाचं डोकं बाल्कनीत दोरीला चिमट्यांनी अडकवून वाळत घातलं होतं. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी ते पाहिलं आणि सवयीने पडदा ओढून घेतला. पहिल्या वेळी त्यांनी थेट पोलिसांना फोन केला होता. आता त्यांचंही त्या डोक्याशी एक प्रकारचं जमून गेलं होतं.

डोकं जावयाचं होतं. म्हणजे जावयाचं स्वतःचं डोकं खांद्यावर जागच्या जागी होतं, निदान घरच्यांचा तसा समज होता. हे दुसरं. फोम कापून, त्यावर खोटे तपकिरी केस चिकटवून, रात्रीचा दिवस करून त्याने ते बनवलं होतं. लांबलचक नाक, बारीक डोळे, आणि उघड्या जबड्यात काळी जाळी, म्हणजे आत शिरलेल्या माणसाला समोरचं थोडंफार दिसावं. तो सासूबाईंच्या घरात राहत होता. बायको लाडात आली की त्याला 'घरजावई' म्हणे, चिडली की नुसतं 'मुंगूस'. सासूबाई मात्र नेमाने 'जावईबापू' म्हणत, आणि त्या 'बापू'मध्ये मान किती आणि टोमणा किती, याचा त्याला इतक्या वर्षांत पत्ता लागला नव्हता.

दिवसभर तो चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवत असे. घरी आला की चित्रकथा काढायला बसे. 'तिसऱ्या मजल्यावरचं मुंगूस' असं तिचं नाव, आणि दर आठवड्याला तिचं एक पान इंटरनेटवर जायचं. वाचणारी मंडळी म्हणजे फरी. माणसांसारखी बोलणारी, भांडणारी, भाडं थकवणारी जनावरं ज्यांना मनापासून आवडतात, ते फरी. त्यांच्यातलं कोणी अशा जनावरांच्या गोष्टी लिहितं, कोणी चित्रं काढतं, तर कोणी अंगभर केसाळ पोशाख शिवून स्वतःच जनावर होतं. जगाला ही मंडळी वेडी वाटतात. असतीलही. पण जग स्वतः सुट्टीच्या दिवशी बावीस माणसांना एका चेंडूमागे धावताना बघत बसतं, तेव्हा त्याने या बाबतीत फार तोंड उघडू नये.

दरवर्षी ही मंडळी एका हॉलमध्ये जमत आणि मतं टाकून वर्षातली उत्तम गोष्ट, उत्तम पोशाख, उत्तम चित्रकथा वगैरे ठरवत. परीक्षक नावाची भानगडच नाही. वाचणाऱ्याने वाचायचं आणि मत टाकायचं. बक्षीस म्हणजे लाकडी ठोकळ्यावर उभी केलेली एक पितळी शेपूट. दिसायला ती इतकी विचित्र होती की पाहुण्यांना ती काय आहे हे सांगताना चांगल्या चांगल्यांची पंचाईत व्हायची. पण जावयाचा तिच्यावर जीव जडला होता. टीव्हीशेजारच्या फळीवर त्याने तिच्यासाठी जागासुद्धा करून ठेवली होती. त्या फळीवर आधी फक्त सासूबाईंचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो होता, तो त्याने थोडा डावीकडे सरकवला होता.

चार वर्षं त्याचं नाव यादीत येत होतं आणि चारही वर्षं शेपूट लांडगा घेऊन गेला होता. लांडगा म्हणजे एक उंचेला गृहस्थ, धंद्याने दात बसवणारा. त्याच्या चित्रकथेत पानंच्या पानं लांडगे बर्फात उभे राहून चंद्राकडे बघत. वाऱ्यावर त्यांचे केस उडत. कोणी कोणाशी चकार शब्द बोलत नसे. जावयाच्या मते त्यात एकही वाक्य धड नव्हतं आणि एकही चित्र वाईट नव्हतं, आणि यातली दुसरी गोष्ट त्याला फार झोंबायची.

यंदा मात्र पारडं फिरलं होतं, आणि ते फिरवलं होतं साळिंदरबाईंनी.

साळिंदरबाई हे त्याच्या चित्रकथेतलं नवं पात्र. मुंगसाच्या सासूबाई. अंगावर काटे, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, आणि घरात काहीही झालं तरी त्याची जाहीर घोषणा. 'लक्ष द्यावे. फ्रिजचं दार उघडं आहे. प्रवाशांनी आत मुक्काम करू नये.' फ्रिजमधून मुंगसाचा आवाज येई, 'ओ.' 'लक्ष द्यावे. मोरीतला नळ गळत आहे. जबाबदार व्यक्तीने जबाबदार वागावे.' सोफ्याखालून, 'ओ.' एवढंच असायचं. पण फरी मंडळींनी ते डोक्यावर घेतलं. 'लक्ष द्यावे' छापलेले कप निघाले, शर्ट निघाले. त्यांच्यातलं कोणी काही सांगायला उभं राहिलं की आधी 'लक्ष द्यावे' म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'ओ' द्यायची, असा रिवाजच पडून गेला.

आता यातली गोम अशी, की साळिंदरबाईंचं एकही वाक्य जावयाच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. ना त्या खोट्या डोक्यातून, ना खऱ्या. सगळी वाक्यं सासूबाईंची होती, शब्दाला शब्द.

सासूबाई अख्खी नोकरी बस डेपोत घोषणा करत होत्या. काचेच्या खोलीत बसून, माइकसमोर, कोणती गाडी कुठल्या फलाटावरून सुटेल आणि कोणी कुठे थुंकू नये, हे त्यांनी लाखो लोकांना सांगितलं. लाखो लोकांनी ते ऐकलं नाही. मग डेपोने यंत्र आणलं. ध्वनिमुद्रित बाई कमी चुका करते असं साहेब म्हणाले, आणि सासूबाई फुलांचा गुच्छ घेऊन घरी आल्या. घरी फलाट नव्हते, पण सवय होती. लेक पाळ्यांमध्ये कामाला, दोन-दोन दिवस तोंड दिसायचं नाही. राहता राहिले जावईबापू. ते कायम कानात इअरफोन घालून, मान खाली घालून बसलेले. सासूबाई बोलत राहायच्या. जावईबापूंना काही ऐकू जात नाही अशी त्यांची खात्री होती, त्यामुळे त्या अगदी मोकळेपणी बोलायच्या.

जावयाला सगळं ऐकू जात होतं. इअरफोनमध्ये गाणं नसायचंच. वायरीचं टोक टेबलाखाली नुसतं लोंबत असायचं. कानात बोंडं असली की कोणी दळण-बाजार सांगत नाही, हा पहिला फायदा, आणि वाक्यं फुकट पदरात पडतात, हा दुसरा. सासूबाई स्वयंपाकघरातून घोषणा करायच्या आणि इकडे जावई तोंडातून ब्र न काढता पेन्सिल चालवायचा. चित्रातलं मुंगूस लगेच 'ओ' द्यायचं. खऱ्या मुंगसाने एकदाही दिली नाही.

अलीकडे एका रविवारी दुपारी त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या होत्या, "लक्ष द्यावे. घोषणा करणारीला कंटाळा आला आहे." जावयाची पेन्सिल थांबली. यात हसण्यासारखं काही नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि ते वाक्य त्याने घेतलं नाही. ते विसरायचाही त्याने प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

म्हणजे यंदा त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक पितळी शेपूट. आणि दुसरी, सासूबाईंना यातलं काहीही कळू नये. राहतं घर त्यांचं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला त्या आवडायच्या.

बक्षिसाच्या दिवशी सकाळी बायको बूट घालता घालता म्हणाली, "माझी ड्यूटी लागली. जी येणार होती तिचा पाय मुरगळलाय. तुझ्याबरोबर आई येईल."

बायको अग्निशमन दलात फोन घ्यायची. कुठे आग लागली हे तिला शहरात सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि आता नवऱ्याचा चेहरा बघूनही तिला ते कळलं असावं.

"आई कशाला?" जावई म्हणाला.

"मग कोण? त्या डोक्यात तुला दोन पावलं सरळ टाकता येत नाहीत. मागच्या वेळी तू आरशाशी हात मिळवत होतास."

"मी एकटा जातो. डोकं न घालता."

"आणि बक्षीस मिळालं तर भाषण कोण करणार?"

चारचौघांत बोलायचं म्हटलं की जावयाची दातखीळ बसायची. म्हणून तर त्याने मंचावर डोकं घालून जायचं ठरवलं होतं. कारण फरी मंडळींचा एक कडक नियम आहे: डोकं चढवलं की तोंड बंद. मुंगूस मुंगसासारखं वागेल, हातवारे करेल, शेपूट हलवेल, पण मुंगसाच्या आतून चष्म्याच्या दुकानातला माणूस बोलायला लागला की सगळी मजा गेली. बोलायचं काम वाटाड्याचं. डोक्यातून दिसतं कमी, म्हणून प्रत्येक जनावराबरोबर एक उघड्या तोंडाचा माणूस लागतो, तो वाटाड्या. जनावराला जिन्यावरून उतरवायचं, पाणी पाजायचं आणि त्याच्या वतीने आभार मानायचे. डोकं उतरवायचं असेल तर त्यासाठी पडदा लावलेली वेगळी खोली असते. आणि मंचावर जर जनावर बोललं, तर बक्षीस जागच्या जागी दुसऱ्या नंबरला. दोन वर्षांपूर्वी एका घुबडाला शेपूट हातात घेताना शिंक आली आणि ते सवयीने 'सॉरी' म्हणालं. त्या सॉरीपायी बिचाऱ्याची शेपूट गेली. घुबड अजून कोणाशी नीट बोलत नाही.

"आईला कळलं तर?" जावई खालच्या आवाजात म्हणाला.

"मी तुला सांगून दमले, एक दिवस तू मार खाणार आहेस," बायको म्हणाली आणि किल्ल्या उचलून निघाली. "भाषणाची चिठ्ठी आईच्या पर्समध्ये टाकली आहे. वाचून दाखवेल. तिच्याइतकं चांगलं वाचणारं तुला कोण मिळणार?"

आतून सासूबाई तयार होऊन आल्या. ठेवणीतले बूट, खांद्याला पर्स, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा.

"लक्ष द्यावे," त्या म्हणाल्या. "निघण्याची वेळ झालेली आहे. ज्यांची डोकी बाल्कनीत आहेत त्यांनी ती ताब्यात घ्यावीत."

जावयाचा हात पेन्सिलीकडे गेला आणि त्याने तो महत्प्रयासाने खिशात घातला.

हॉल एका हॉटेलच्या तळमजल्यावर होता. दारात एक जिराफ चौकटीतून आत कसं यायचं यावर वाटाड्याशी खाणाखुणांनी वाद घालत होता. दोन अस्वलं पंख्याखाली एकमेकांना टेकून बसली होती. सासूबाईंनी हे सगळं एकदा बघून घेतलं, मग मुंगसाचा पंजा घट्ट धरला. डेपोत याहून विचित्र माणसं रोज पाहिल्याचा शांतपणा त्यांच्या चेहऱ्यावर होता.

नोंदणीच्या टेबलावर सशाचे कान लावलेली मुलगी बसली होती. "काकू, वाटाड्यांनाही मत असतं हं," ती म्हणाली. "तिकडे फलकांवर सगळ्या चित्रकथा लावल्यात. काम बघून मत द्यायचं, ओळख बघून नाही. आणि चिठ्ठीवर तुमचं जनावर लिहा. तुमचं जनावर कोणतं?"

"सध्या माणूस," सासूबाई म्हणाल्या. "बाकीचं वाचून सांगते."

मुंगसाने त्यांना खाण्याच्या टेबलाकडे ओढलं. मग खुर्च्यांकडे. मग त्याने पोट धरून पोट दुखत असल्याचा अभिनय केला. जवळच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ओढू नका जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "न वाचता मी आजवर कुठे सही केलेली नाही."

त्यांनी चष्मा चढवला आणि पहिल्या फलकापासून सुरुवात केली. मुंगूस शेजारी उभं. ओरडता येईना, डोकं काढता येईना. जाळीतून त्याला फक्त सासूबाईंचा चष्मा दिसत होता. आत फोममध्ये त्याला घामाच्या धारा लागल्या होत्या.

लांडग्याच्या फलकासमोर त्या बराच वेळ थांबल्या. "चित्रं काय सुंदर आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण हे एकमेकांशी बोलत का नाहीत? काही झालंय का यांच्यात?"

मग त्या पुढच्या फलकापाशी आल्या, आणि तो फलक जावयाचा होता.

फ्रिजचं दार. मोरीतला नळ. 'लक्ष द्यावे. पंखा चालू आहे आणि खोलीत कोणी नाही. पंख्याला सोबत नको आहे.' सासूबाई एकेक चौकट बोटाने धरून वाचत होत्या. शेजारी कान-शेपूट लावलेली दोन तरुण पोरं खिदळत उभी होती.

"काकू, ही साळिंदरबाई म्हणजे आमचा जीव आहे," त्यातला एक म्हणाला.

"असं?" सासूबाई म्हणाल्या. "आणि हे सगळं सुचतं कुठून त्या माणसाला?"

"डोकं लागतं काकू त्याला."

"डोकं तर आहेच," सासूबाई मुंगसाच्या नाकाकडे बघत म्हणाल्या.

त्या चिडल्या आहेत की काय, हे जाळीतून कळेना. जावयाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात त्यांचं बोट एका चौकटीवर थांबलं. त्यात मुंगूस टेबलाशी बसलं होतं, कानात इअरफोन होते, आणि वायरीचं टोक टेबलाखाली मोकळं लोंबत होतं. गंमत म्हणून त्यानेच काढलं होतं ते, बारीक रेघांनी, आणि आपल्या चतुराईवर खूश होऊन.

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी फलक पहिल्यापासून परत वाचला. या वेळी त्या हसण्यासाठी वाचत नव्हत्या. काहीतरी शोधत होत्या, वरच्या ओळीत, खालच्या ओळीत, कडेला. ते सापडलं नाही. काय शोधत होत्या ते जावयाला चांगलं माहीत होतं, आणि त्या फोमच्या आत त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, घडी घातली आणि पेटीत टाकली. मुंगसाचा पंजा पुन्हा हातात घेतला. या वेळी तो घट्ट धरलेला नव्हता.

सूत्रसंचालक होता खारूताई. एरवी विमा कंपनीत बसणारा सहा फुटी, दाढीवाला गडी, कमरेला झुबकेदार शेपूट. त्याला बोलायचं असल्याने डोकं नव्हतं, नुसते कान. त्याने पोशाखांचं बक्षीस दिलं, गोष्टींचं दिलं. मग मतांचा कागद उघडून म्हणाला, "उत्तम चित्रकथा. दुसऱ्या नंबरवर लांडगा. आणि पहिल्या नंबरवर, लक्ष द्यावे..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. हॉलभर 'ओ' घुमली, आणि ज्यांनी डोकी घातली होती त्यांनी पाय आपटून जमीन हादरवली. जावई पायऱ्यांवर दोनदा अडखळला. सासूबाईंनी त्याला मंचावर नेऊन उभं केलं. खारूताईने त्याच्या पंजात पितळी शेपूट दिली. ती गार होती आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड होती. चार वर्षं वाट पाहिलेली वस्तू त्याने पोटाशी धरली.

खारूताईने माइक सासूबाईंपुढे केला. त्यांनी पर्समधून बायकोने लिहिलेली चिठ्ठी काढली, वरपासून खालपर्यंत वाचली, आणि परत पर्समध्ये ठेवली. मग माइकवर बोटाने एकदा टकटक केलं. तोंड आणि माइक यांच्यात चार बोटांचं अंतर ठेवलं. हॉलमध्ये कलकलाट चालूच होता.

"कृपया इकडे लक्ष द्यावे."

तो आवाज वरच्या पट्टीत नव्हता. काचेच्या खोलीतून, गाड्यांच्या भोंग्यांवरून फलाटाच्या टोकापर्यंत पोचायची सवय असलेला आवाज होता तो. कलकलाट जागच्या जागी थांबला. पुढच्या रांगेतल्या कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, मग दुसऱ्याच्या, आणि मग सगळा हॉल उभा राहून एकसुरात म्हणाला, "ओ."

सासूबाई बोलायच्या थांबल्या. सगळी नोकरी झाली, त्यांना कधी कोणी ओ दिली नव्हती.

"बसून घ्या," त्या म्हणाल्या. "मी यांची सासू. साळिंदर मीच. आज दुपारपर्यंत मला ते माहीत नव्हतं."

हशा पिकला.

"यांना तुम्ही निवडून दिलंत, चांगलं केलंत. मी दिलेलं नाही. माझं मत लांडग्याला. त्या ससेवाल्या मुलीने सांगितलं, काम बघून मत द्या. चित्रं लांडग्याची जास्त चांगली आहेत. यांची वाक्यं चांगली आहेत, पण ती सगळी माझी आहेत. स्वतःच्याच वाक्यांना मत कसं देऊ? बरं नाही दिसत ते."

आता लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. मागे लांडग्याने दोन्ही पंजे कपाळाला लावले.

"पण एक वाक्य यांनी घेतलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी दोनदा शोधलं. रविवारी घरी म्हटलं होतं. यांच्या कानात ते असतं ना, म्हणून मला वाटलं ऐकू गेलं नसेल. गेलं होतं. मला आज कळलं."

त्या माइकपासून बाजूला झाल्या आणि मुंगसाकडे वळल्या. आता त्या नुसत्या तोंडाने बोलल्या, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"लक्ष द्यावे. घोषणा करणारीला कंटाळा आला आहे."

हॉलमधल्यांनी सवयीने श्वास घेतला, पण ओ दिली नाही. ही ओ आपली नाही, एवढं त्या केसाळ मंडळींनाही कळलं. सगळी डोकी मुंगसाकडे वळली.

खारूताईने दोन पावलं पुढे येऊन ओठांवर बोट ठेवलं. मग जोरजोरात मान हलवली. मग पंखासारखे हात फडफडवून घुबडाची आठवण करून दिली. सासूबाईंना हा नियम कोणी सांगितलाच नव्हता. त्या नुसत्या उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांत धरून, फलाटावर शेवटची गाडी यायची आहे की येऊन गेली आहे हे माहीत नसल्यासारख्या. थोडा वेळ उभं राहून आपणच स्वयंपाकघरात परत जायचं, ही त्यांची रोजची सवय होती. त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि त्या वळल्या.

"ओ," मुंगूस म्हणालं.

फोममधून आवाज घुसमटून आला. म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "ओ, आई."

खारूताईने डोळ्यांवर हात ठेवले. हॉलमध्ये कोणी तरी हुंदका दिला, बहुतेक घुबड होतं.

नियम तो नियम. खारूताईने जड मनाने मुंगसाच्या पोटापासून शेपूट सोडवून घेतली आणि लांडग्याला वर बोलावलं. लांडग्याला ती नको होती. तो मान हलवत होता, मागे सरकत होता, पण त्याने डोकं घातलेलं होतं, त्यामुळे 'नको' म्हणता येईना, आणि त्याचा वाटाड्या नेमका सरबत आणायला गेला होता. शेवटी त्याने शेपूट काखेत मारून मुंगसाला मिठी घातली. दोघांची नाकं एकमेकांत अडकली आणि ती सोडवायला दोन माणसं लागली.

संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा डोकं बाल्कनीत वाळत होतं आणि फळीवरची जागा रिकामी होती.

"हरलास?" तिने विचारलं.

"जिंकले होते," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मग बोलले आणि घालवलं. शेवटी मी ज्याला मत दिलं तोच आला."

"आई, तू याला मत नाही दिलंस?"

"पुढच्या वर्षी बघू. चित्रं सुधारली तर."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो फळीवरचा सासूबाईंचा फोटो परत मधोमध सरकवत होता. फोटोत त्यांच्या हातात गुच्छ होता आणि त्या कॅमेऱ्याकडे न बघता माइककडे बघत होत्या. इतकी वर्षं हा फोटो समोर होता, आणि हे त्याच्या आज लक्षात आलं. मग तो टेबलाशी जाऊन बसला. इअरफोन तिथेच पडले होते. त्याने ते गुंडाळून खणात टाकले, आणि वायर खणाबाहेर राहिली ती आत ढकलली.

"लक्ष द्यावे," आतून आवाज आला. "चहा झालेला आहे. ज्यांची शेपूट गेली आहे त्यांना दोन बिस्किटं जास्त मिळतील."

वाक्य झकास होतं. जावयाचा हात आपसूक पेन्सिलीकडे गेला, आणि अर्ध्यावर थांबला.

त्याने आधी ओ दिली, मग पेन्सिल उचलली.